चाल कुणाची, नाव कुणाचे?

२०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या महाविद्यालयातील मुलांनी जयंतीनिमित्त भीमगीतांचा कार्यक्रम केला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका मुलीने स्वतः लिहिलेले गाणे म्हटले. शब्द तिचे, चाल एका जुन्या हिंदी चित्रपटगीताची. कार्यक्रम संपल्यावर स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “गाणे चांगले होते हो, पण तुमच्याकडे सगळे उसन्या चालीवर. स्वतःचे असे काही निर्माण व्हायला हवे.” ‘तुमच्याकडे’ या शब्दावर त्यांनी जोर दिला नव्हता. तो द्यावा लागत नाही.

हेच सहकारी पाश्चात्त्य संगीताचे जाणकार म्हणून आमच्याकडे ओळखले जातात. पुढे दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, ‘बीच बॉईज’ या अमेरिकन गायकवृंदाचा प्रमुख ब्रायन विल्सन वारला. तेव्हा त्याच स्टाफरूममध्ये त्यांनी त्याच्या ‘स्वयंभू प्रतिभे’चा गौरव केला आणि उदाहरण दिले ते १९६३ च्या ‘सर्फिन यू.एस.ए.’ या गाण्याचे. मी गप्प राहिलो. पहिल्या पिढीचा पदवीधर स्टाफरूममध्ये बऱ्याचदा गप्प राहतो आणि घरी येऊन वाचत बसतो. हा लेख त्या वाचनातून झाला आहे.

कोणी विचारील, अमेरिकेतल्या समुद्रकाठच्या गाण्यांशी आपल्या चळवळीचा काय संबंध? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. हे नावही उसने होते, पण कुठून घेतले ते आपण कधी लपवले नाही. उसने घेणे आणि लपवणे या दोन गोष्टींतील फरक हाच या लेखाचा विषय आहे.

‘सर्फ’ संगीत म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. समुद्राच्या लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहायचे आणि लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत यायचे, हा सर्फिंगचा खेळ. १९६० नंतरच्या तीन-चार वर्षांत कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील गोऱ्या तरुणांनी या खेळाभोवती एक संगीत उभे केले. विजेवर चालणारी गिटार, तिच्या स्वराला यंत्राने दिलेला दाट प्रतिध्वनी, आणि गाण्यांचे विषय म्हणजे लाटा, मोटारी, मुली आणि सुट्टी. वरवर पाहता यात कुठेही रंगभेद नाही, दारिद्र्य नाही, इतिहास नाही. जणू ही गाणी थेट समुद्रातून वर आली! त्यांच्या या निरागसपणाचीच आपण तपासणी केली पाहिजे.

‘सर्फिन यू.एस.ए.’ची चाल चक बेरी या कृष्णवर्णीय गायक-गिटारवादकाच्या ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’ या गाण्याची आहे. हे साम्य अंधुक नाही. ओळीमागून ओळ तीच चाल आहे. बेरीच्या गाण्यात अमेरिकेतील शहरांची नावे एकामागून एक येतात, विल्सनच्या गाण्यात समुद्रकिनाऱ्यांची. म्हणजे यादीची कल्पनाही तिथलीच. किनाऱ्यांची नावे विल्सनला त्याच्या मैत्रिणीच्या भावाने पुरवली होती. बेरीचे गाणे कुठे कोपऱ्यात पडलेले होते म्हणावे तर तसेही नाही. १९५८ मध्ये ते अमेरिकेच्या सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले होते. ‘सर्फिन यू.एस.ए.’ तिसऱ्यापर्यंत पोहोचले. म्हणजे पाचच वर्षांपूर्वी साऱ्या देशाने ऐकलेली चाल पुन्हा बाजारात आली, आणि तबकडीवर गीतकार-संगीतकार म्हणून नाव छापले गेले एकट्या ब्रायन विल्सनचे.

त्या वेळी चक बेरी कुठे होता? तुरुंगात. फेब्रुवारी १९६२ ते ऑक्टोबर १९६३ हा काळ त्याने कैदेत काढला. चौदा वर्षांच्या एका मुलीला राज्याच्या सीमेपलीकडे नेल्याचा गुन्हा त्याच्यावर शाबीत झाला होता. पहिल्या खटल्यातील न्यायाधीशाने वंशद्वेषी उद्गार काढल्यामुळे ती शिक्षा वरच्या न्यायालयाने रद्द केली आणि दुसऱ्यांदा खटला चालवून पुन्हा शिक्षा झाली. बेरी कोणी संत नव्हता आणि त्याला संत करण्याची आपल्याला गरज नाही. त्या अल्पवयीन मुलीवरील अन्याय न्यायाधीशाच्या वंशद्वेषाने पुसला जात नाही, आणि बेरीच्या गुन्ह्यामुळे त्याच्या चालीवरील त्याचा हक्क बुडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपल्या बाजूचा माणूस निर्मळ असला तरच त्याच्यासाठी न्याय मागायचा असे ठरवले, तर न्याय मागायला कोणीच उरणार नाही.

पुढे झाले ते अधिक बोलके आहे. बेरीच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क आर्क म्युझिक या पेढीकडे होते. ही पेढी बेरीची नव्हे. त्याच्या तबकड्या काढणाऱ्या शिकागोच्या चेस बंधूंची आणि त्यांचे भागीदार गुडमन बंधूंची. पेढीने दावा सांगितला. ब्रायनचा बाप मरी विल्सन हाच बीच बॉईजचा व्यवस्थापक होता. त्याने गाण्याचे हक्क आर्क म्युझिकला देऊन टाकले. म्हणजे तंटा झाला तो दोन पेढ्यांमध्ये. ज्याची चाल होती तो गजाआड आणि ज्याने ती उचलली तो विशीतला पोरगा. हक्क १९६३ मध्येच हस्तांतरित झाले, पण बेरीचे नाव तबकडीवर आले ते १९६६ मध्ये. पैसा पेढीकडे आधी पोहोचला, नाव माणसाकडे तीन वर्षांनी. आणि आले तेही कसे? त्या वेळी एकट्या बेरीचेच नाव छापले गेले. किनाऱ्यांवरील शब्द त्याचे नव्हते, तरीही. दोन्ही नावे एकत्र आली ती नंतरच्या आवृत्त्यांवर. बीच बॉईजमधलाच माइक लव्ह तर म्हणतो की शब्द मी लिहिले. १९९४ मध्ये ज्यूरीने ब्रायनविरुद्ध त्याच्या बाजूने निकाल दिला आणि बीच बॉईजच्या ३५ गाण्यांवर त्याचे नाव सहलेखक म्हणून चढले. एकाच घरातल्या चुलतभावाची ही गत, तर परक्याची काय असणार!

तबकडीवरील नाव ही केवळ मानाची बाब नाही, हे कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावे. १९०९ च्या अमेरिकन कायद्याने विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे दर गाण्याला २ सेंट असा दर ठरवला होता आणि १९७७ अखेरपर्यंत तो तसाच राहिला. सामान्यतः यातला निम्मा प्रकाशकाचा, निम्मा रचनाकाराचा. दहा लाख प्रती खपल्या तर रचनाकाराच्या वाट्याला १० हजार डॉलर. नाव हा सातबाराचा उतारा आहे. ज्याचे नाव लागले, पीक त्याचे.

म्हणूनच या उताऱ्यावर नावे घुसवण्याचा धंदा चालला. बेरीचे पहिलेच गाजलेले गाणे १९५५ चे ‘मेबलीन’. तबकडी बाहेर आल्यावर बेरीला कळले की तिच्या रचनाकारांत आपल्याबरोबर आणखी दोघे आहेत. एक ॲलन फ्रीड, रेडिओवरून तबकड्या वाजवणारा त्या काळचा बडा निवेदक. दुसरा रस फ्रॅटो, चेस बंधूंच्या व्यवहारातला माणूस. दोघांनी त्यातला एक शब्द वा एक सूर रचला नव्हता. फ्रीडने गाणे रेडिओवर वाजवावे म्हणून त्याला वाटेकरी करून घेतले होते. ही दोन नावे पूर्णपणे निघून बेरीचे एकट्याचे नाव लागायला १९८६ साल उजाडावे लागले. एकतीस वर्षे! याचा अर्थ असा की विल्सनने चाल उचलण्याच्या आठ वर्षे आधीच, ज्यांनी बेरीला पुढे आणले म्हणून आजही गौरव होतो त्यांच्याच घरात, त्याचे नाव वाटून टाकले गेले होते.

कायद्याचा आणखी एक भाग पाहण्यासारखा आहे. अप्रकाशित रचनेची नोंदणी करायची तर त्या वेळी ती स्वरलिपीत कागदावर उतरवून द्यावी लागे. ध्वनिमुद्रणाला तर १५ फेब्रुवारी १९७२ पर्यंत संघराज्याच्या कायद्याचे संरक्षणच नव्हते. म्हणजे कायद्याला ऐकू येत नव्हते, फक्त वाचता येत होते. चाल आणि शब्द कागदावर उतरतात. ठेका, गिटारच्या तारेवरचा झटका, गळ्याचा पोत हे सहसा उतरत नाही. कृष्णवर्णीयांच्या संगीताचे बळ नेमके या न उतरणाऱ्या गोष्टींत होते. १९६४ च्या ‘फन, फन, फन’ या बीच बॉईजच्या गाण्याची सुरुवात बेरीच्या ‘जॉनी बी. गुड’च्या सुरुवातीवरून घेतलेली आहे. पण तिच्यावर बेरीचे नाव लागले नाही. आणि स्वतः बेरीने ती सुरुवात घेतली होती कार्ल होगनकडून. हा लुई जॉर्डनच्या वाद्यवृंदातला कृष्णवर्णीय गिटारवादक. १९४६ च्या एका तबकडीत तो ती वाजवून गेला. बेरीने हे ऋण बोलून दाखवले, पण होगनचे नाव कोणत्याही तबकडीवर रचनाकार म्हणून आले नाही. जो केवळ वाजवतो तो इतिहासात राबणारा असतो, मालक नसतो.

येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो: जे जे कृष्णवर्णीयांचे होते ते ते गोऱ्यांनी चोरले. हा निष्कर्ष आपल्याला सोयीचा आहे, पण पुरेसा खरा नाही. ‘मेबलीन’चेच घ्या. ते ‘आयडा रेड’ या जुन्या लोकगीतावरून सुचले, आणि बॉब विल्सच्या १९३८ च्या तबकडीमुळे ते गोऱ्या ग्रामीण श्रोत्यांत रुळलेले होते. बेरीने ते घेतले, त्याला आपला ठेका दिला, मोटारींची शर्यत दिली आणि नवे गाणे उभे केले. चाली कधीही एका दिशेने वाहत नाहीत. शुद्ध, अस्पर्शित, स्वयंभू संगीत नावाची वस्तू जगात नाही. शुद्धतेची भाषा ही आपल्या शत्रूची भाषा आहे. ती आपण बोलू नये.

दुसरीकडे, “संगीत सर्वांचे असते, कलेला रंग नसतो” असे म्हणणारेही आहेत. त्यांना एवढेच विचारावे: संगीत सर्वांचे असेल, तर रॉयल्टी एकाचीच का? मिनियापोलिसच्या ‘ट्रॅशमेन’ या गोऱ्या वाद्यवृंदाने १९६३ मध्ये ‘सर्फिन बर्ड’ काढले. ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. ते म्हणजे ‘पापा-ऊम-माऊ-माऊ’ आणि ‘द बर्ड्स द वर्ड’ या दोन गाण्यांची जोडणी. ही दोन्ही गाणी लॉस एंजेलिसच्या ‘रिव्हिंग्टन्स’ या कृष्णवर्णीय गायकांच्या चमूची होती. त्यांपैकी पहिले ४८ व्या क्रमांकाच्या वर गेले नव्हते. तबकडीवर आधी नाव होते ट्रॅशमेनचा ढोलवादक स्टीव्ह वाहररचे. कायदेशीर कारवाईची धमकी आली तेव्हा कुठे रिव्हिंग्टन्सच्या चौघांची नावे लागली. ट्रॅशमेनने हे गाणे दुसऱ्याच एका वाद्यवृंदाकडून ऐकले होते. म्हणजे मूळ गाणाऱ्यांचे नाव वाटेतच गळून पडले होते. यात कपट किती आणि बेफिकिरी किती, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. कुणाचे नाव वाटेत गळते आणि कुणाचे गळत नाही, हा खरा प्रश्न.

‘मिसिर्लू’ची गोष्ट आणखी वेगळी. १९६२ मध्ये डिक डेलने वीजगिटारवर ती भन्नाट वेगाने वाजवली आणि ती सर्फ संगीताची ओळख होऊन बसली. डेलचे खरे नाव रिचर्ड मन्सूर. बापाकडून तो लेबनानी. त्याचा काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवी. ही चाल त्याच्या घरातच होती. पूर्व भूमध्य समुद्राच्या काठावरील ग्रीक, अरब, तुर्क, ज्यू या सगळ्यांनी ती गायिली आहे. शीर्षकाचा अर्थच ‘मिसरची बाई’. टेटोस दिमित्रियादिस या ग्रीक गायकाने ती १९२७ मध्ये ध्वनिमुद्रित केली. आणि संगीतकार म्हणून नाव कुणाचे? निकोलस रूबानिसचे. कारण १९४१ मध्ये अमेरिकेत त्याने ती आपल्या नावाने प्रसिद्ध केली. स्मर्नाच्या वा अथेन्सच्या दारूगुत्त्यात ती म्हणणाऱ्यांकडे कागद नव्हता. ज्याने कागद आधी केला, चाल त्याची झाली. गायरानावर आधी सातबारा करून घेणाऱ्याची जमीन होते, तसेच हे.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर किनाऱ्यांकडेही पाहू. ‘सर्फिन यू.एस.ए.’मधील किनाऱ्यांच्या यादीत मॅनहॅटन बीच आहे. हे गाव बीच बॉईजच्या हॉथॉर्नपासून काही मैलांवर. तेथे १९१२ मध्ये विला ब्रूस या कृष्णवर्णीय स्त्रीने समुद्राकाठी जमीन घेतली. तिने आणि नवरा चार्ल्सने तेथे कृष्णवर्णीयांसाठी विश्रामस्थान चालवले. इतर किनाऱ्यांवर त्यांना मज्जाव होता. गोऱ्या शेजाऱ्यांनी त्रास दिला. शेवटी १९२४ मध्ये नगरपालिकेने उद्यानाचे कारण सांगून ती जमीन सक्तीने ताब्यात घेण्याची कारवाई सुरू केली. उद्यान मात्र कित्येक दशके झाले नाही. २०२२ मध्ये ती जमीन ब्रूस कुटुंबाच्या वारसांना परत मिळाली आणि २०२३ मध्ये त्यांनी ती सुमारे २ कोटी डॉलरला काउंटीला विकली. म्हणजे १९६३ मध्ये साऱ्या अमेरिकेने ज्या किनाऱ्याचे नाव आनंदाने गुणगुणले, त्या किनाऱ्यावरून ज्यांना हुसकावले होते त्यांच्यातल्याच एकाची चाल त्या नावाला लावलेली होती! आणि तो लाटेवरचा खेळ तरी कुणाचा? हवाई बेटांवरील मूळ रहिवाशांचा. त्यांची राजसत्ता १८९३ मध्ये गोऱ्या मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी उलथवली आणि १८९८ मध्ये ती बेटे अमेरिकेने गिळली. खेळ हवाईचा, चाल बेरीची, वाळू ब्रूसची, आणि शीर्षकात नाव ‘यू.एस.ए.’चे. निरागसपणा म्हणतात तो हा.

ब्रायन विल्सनची प्रतिभा मी नाकारीत नाही. एकावर एक आवाज रचत नेण्याची त्याची हातोटी त्याचीच होती. चाल बेरीची आहे हेही त्याने पुढे स्वतः सांगितले. त्याच्याही गाण्यांचे हक्क बापाने १९६९ मध्ये ७ लाख डॉलरला विकून टाकले. माझा आक्षेप त्याच्यावर नाही, ‘स्वयंभू’ या विशेषणावर आहे. हे विशेषण एकाला फुकट मिळते आणि दुसऱ्याला ‘उसने’ हे विशेषण जन्मतः चिकटते. आमच्या सहकाऱ्यांना ‘सर्फिन यू.एस.ए.’मध्ये प्रतिभा ऐकू आली आणि आमच्या विद्यार्थिनीच्या गाण्यात उधारी. कान तेच होते.

आता आपल्याकडे वळले पाहिजे. माझ्या लहानपणी वस्तीतल्या गायन पार्टीच्या पातळ पुस्तिका घरात असत. वडील निरक्षर, पण पुस्तिका जपून ठेवीत आणि मला वाचायला लावीत. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ‘चाल :’ असे छापून ज्या गाण्यावरून चाल घेतली त्याचा मुखडा दिलेला असे. शेवटच्या कडव्यात शाहीर स्वतःचे नाव गुंफी. वर ऋण, खाली नाममुद्रा. कुठलाही वकील नाही, कुठलीही पेढी नाही, पाच-दहा रुपयांची पुस्तिका. पण कॅलिफोर्नियाच्या कंपन्यांना जे धमकी आल्याशिवाय सुचले नाही, ते आमच्या शाहिरांनी कुणी न सांगता केले. म्हणून त्या सहकाऱ्यांना माझे उत्तर असे: होय, चाल उसनी आहे आणि तसे वर लिहिलेले आहे. तुमच्या तबकडीवर लिहिले होते का?

पण एवढ्यावर टाळ्या घेऊन थांबणे बरे नाही. ‘चाल :’ म्हणून आपण सिनेमाच्या गाण्याचा मुखडा लिहिला, संगीतकाराचे नाव लिहिले नाही. पुढे कॅसेटी आल्या. वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा झाला, कवीचे नाव बारीक झाले, काहींवर नाहीसेच झाले. शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा बदलून तेथे दुसरे नाव घालून गायिलेली गाणी मी स्वतः ऐकली आहेत. ढोलकी वाजवणाऱ्याचे, पेटी वाजवणाऱ्याचे, कोरसमधल्या बायांचे नाव तर कुठेच नव्हते.

या बाबतीत बेरीच्याच आयुष्यातला एक धडा आहे. जॉनी जॉन्सन हा पियानोवादक. १९५२ च्या अखेरच्या रात्री ईस्ट सेंट लुईसमध्ये बेरी वाजवायला गेला तो जॉन्सनच्या वाद्यवृंदात. पुढे वाद्यवृंद बेरीचा झाला. २००० साली जॉन्सनने दावा लावला की पन्नासहून अधिक गाणी आम्ही दोघांनी मिळून रचली आणि नाव एकट्या बेरीचे लागले. फार उशीर झाला म्हणून न्यायालयाने २००२ मध्ये दावा फेटाळला. सत्य काय होते याचा निवाडाच झाला नाही. २००५ मध्ये जॉन्सन वारला. ज्याचे नाव फ्रीडने आणि विल्सनच्या पेढीने झाकले, त्याच्याही सावलीत एक माणूस उभा होता. अन्याय सोसणाऱ्याच्या हातून अन्याय होत नाही, हा भ्रम जितक्या लवकर सुटेल तितके बरे.

म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना एक साधे काम सुचवतो. आपापल्या गावातील गायन पार्टीची जी पुस्तिका, जी कॅसेट हाती लागेल ती घेऊन जुन्या माणसांकडे बसा. शब्द कुणाचे, चाल कुठली, ढोलकी कुणाची, मागे कोण गात होते, हे विचारा आणि तारखेनिशी लिहून ठेवा. कायदा कागद वाचतो. निदान कागद तरी आपण तयार ठेवू. त्या विद्यार्थिनीने आता एक वही केली आहे. पहिल्या पानावर तिचेच गाणे आहे. वर ‘चाल :’ म्हणून चित्रपटगीताचा मुखडा आणि संगीतकाराचे नाव, आणि खाली ढोलकीवर साथ करणाऱ्या तिच्या चुलत्याचे.